चारशे बेचाळीस चेहरे

आम्ही नववीत असताना आमच्या वर्गात दोन मुले एका बाकावर बसत. एक गोरापान, गालांवर लाली, डोळे पाणीदार. दुसरा सावळा, हडकुळा, गालफडे बसलेली. वर्गशिक्षक दुसऱ्याला थट्टेने 'टीबी' म्हणत आणि त्यांचे पाहून आम्हीही म्हणत असू. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर क्षय निघाला तो पहिल्याला. कित्येक आठवडे तो खोकत होता, संध्याकाळी त्याला बारीक ताप येई. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणालाच शंका आली नाही. औषधे घेऊन तो बरा झाला. त्याच्या गालांवरची लाली निदान काही अंशी त्या तापाचीच असावी, हे मला फार पुढे सुचले.

निरोगी माणूस सुंदर दिसतो आणि सुंदर दिसणारा माणूस निरोगी असतो, ही दोन वेगळी विधाने आहेत. आपण मात्र ती एकच समजून चालतो. 'चेहऱ्यावर तेज आहे' असे म्हणताना आपल्याला रूपही अभिप्रेत असते आणि प्रकृतीही. या गाठोड्यातील धागे सुटे करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ज्या रोगाच्या बाबतीत झाला, तो रोगही क्षयच होता.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात क्षयाने माणसे पटापट मरत होती आणि त्याच वेळी क्षयी माणसाचे रूप हा सौंदर्याचा नमुना मानला जात होता. फिकट त्वचा, लाल गाल, चमकणारे डोळे, लांब पापण्या, नाजूक बांधा. पॅरिसमधील मारी द्युप्लेसी ही तरुणी १८४७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने वारली. पुढच्याच वर्षी धाकट्या अलेक्झांडर द्यूमाने तिच्यावरून कादंबरी लिहिली आणि १८५३ मध्ये व्हेर्दीने त्याच कथेवर 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा रचला. डॉक्टरही या समजातून सुटले नव्हते. काही माणसांची जन्मतःच क्षयाकडे 'प्रकृती' असते आणि ती चेहऱ्यावरून ओळखता येते, असे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले असे. म्हणजे आजच्या भाषेत, चेहरा पाहून प्रतिकारशक्तीचा अंदाज बांधता येतो, असाच तो दावा होता. फरक एवढाच की इथे सुंदर चेहरा दुबळेपणाची खूण ठरत होता!

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील एका तरुण डॉक्टरला हा दावा तपासावासा वाटला. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महंमद. नाव वाचून आपण थबकतो ते उगाच नाही. त्याचे आजोबा शेख दीन महंमद १७५९ मध्ये पाटण्याला जन्मले, आयर्लंडला गेले, १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन छापले आणि शेवटी ब्रायटन येथे बाष्पस्नानाचे व मालिशचे केंद्र काढले. आपल्या 'चंपी'चा इंग्रजीत जो 'शाम्पू' झाला, तो रूढ करण्यात या आजोबांचा मोठा वाटा होता. नातवाने विद्यार्थी असतानाच नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले आणि मूत्रपिंड बिघडण्याआधीही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवले. रक्तदाबाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. आपल्याकडे ते नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

महंमदने साथीला घेतले फ्रान्सिस गाल्टनला. गाल्टन हा डार्विनचा नातलग, मोजमापाचे वेड असलेला. त्याने १८७७-७८ च्या सुमारास 'संमिश्र छायाचित्र' काढण्याची युक्ती शोधली होती. अनेक माणसांची सारख्या आकाराची छायाचित्रे घ्यायची, डोळ्यांवर डोळे येतील अशी जुळवायची आणि प्रत्येकावर थोडा थोडा वेळ प्रकाश पाडून एकाच काचेवर उतरवायची. एकट्यादुकट्याची खूण पुसली जाते, सर्वांत समान असलेले तेवढे उमटते. गुन्हेगारांचा 'खास चेहरा' सापडेल या आशेने त्याने कैद्यांची छायाचित्रे अशी मिसळून पाहिली. निघाला तो एक सभ्य, बरा दिसणारा माणूस! कैद्यांपैकी प्रत्येकापेक्षा त्यांची सरासरी देखणी होती. (१९९० मध्ये अमेरिकेत लँगलुआ आणि रॉगमन या संशोधिकांनी संगणकावर चेहरे मिसळून हाच अनुभव घेतला.)

महंमद आणि गाल्टन यांनी क्षयाच्या ४४२ रुग्णांची छायाचित्रे जमवली. आणि इथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: तुलनेसाठी इतर रोगांच्या २०० रुग्णांचीही छायाचित्रे घेतली. क्षयरुग्णांपैकी अरुंद, नाजूक चेहऱ्याचे निवडून मिसळले की पुस्तकात वर्णिलेला क्षयी चेहरा हुबेहूब मिळे. केवळ तेवढेच केले असते तर सिद्धांत 'सिद्ध' झाला असता. पण तसे चेहरे इतर रुग्णांतही जवळपास त्याच प्रमाणात होते. क्षयाला अमुक एक चेहरा असतो या समजुतीला आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८८२ मध्ये हॉस्पिटलच्या अहवालात छापला. त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, महंमद विषमज्वराने वारला. तो पस्तीस वर्षांचा होता. गाल्टनने मात्र या नकारार्थी उत्तरापासून फारसा बोध घेतलेला दिसत नाही. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्याने 'युजेनिक्स' हा शब्द घडवला आणि माणसांची चांगली-वाईट अशी प्रतवारी करण्याच्या त्या विचाराने विसाव्या शतकात काय अनर्थ केला, हे आपण जाणतोच.

नंतर जवळजवळ शंभर वर्षे हा प्रश्न पडून राहिला. तो पुन्हा उभा राहिला पक्ष्यांच्या निमित्ताने. मोराचा पिसारा मादीच्या निवडीतून घडला, असे डार्विनने १८७१ मध्ये सांगितले होते. पण मादीला त्यातून मिळते काय, याचे उत्तर नव्हते. १९८२ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी एक उत्तर सुचवले. परजीवी जंतूंनी पोखरलेल्या नराला झळझळीत पिसे राखणे जमत नाही. तेव्हा झळझळीत नर निवडणारी मादी आपल्या पिल्लांसाठी नकळत रोगप्रतिकारक जनुके निवडत असते. जंतूही सतत बदलत असल्यामुळे ही निवड कधी निरर्थक होत नाही. कल्पना अतिशय देखणी आहे, आणि ती लगेच माणसाच्या चेहऱ्याला चिकटवण्यात आली. माझ्या मते घाई झाली.

कारण माणसांवरचे पुरावे एका सुरात बोलत नाहीत. १९९८ मध्ये कॅलिक, झेब्रोविट्झ आदींनी एका दीर्घकालीन पाहणीतील व्यक्तींची सतराव्या वर्षीची छायाचित्रे लोकांना दाखवली. त्या व्यक्तींच्या पुढच्या आयुष्यातील प्रकृतीची नोंद उपलब्ध होती. देखणेपणाचा आणि प्रकृतीचा संबंध आढळला नाही. आणखी एक मजेची गोष्ट निघाली. बघणाऱ्यांनी देखण्यांना निरोगी ठरवले होते. गणिताने देखणेपणाचा परिणाम वजा केल्यावर मात्र त्यांचे प्रकृतीविषयीचे अंदाज सुधारले! रूपाने त्यांची नजर बांधली गेली होती.

उलट २०१२ मध्ये रांताला आणि सहकाऱ्यांनी लॅटव्हियातील ७४ तरुणांना कावीळ-बी ची लस दिली. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे जास्त तयार झाली, त्यांचे चेहरे स्त्रियांना अधिक आकर्षक वाटले. पुढच्याच वर्षी तोच प्रयोग तरुणींवर केला. तिथे असा संबंध मिळाला नाही. २०१९ मध्ये विद्यापीठातील तरुणींच्या एका अभ्यासात चेहऱ्याचे रूप आणि संसर्गजन्य आजारांचा इतिहास यांचा मेळ बसला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात देखण्या व्यक्तींच्या रक्तातील जिवाणू गिळणाऱ्या पेशींचे काम थोडे अधिक चोख आढळले. मग खरे काय मानायचे?

माझ्या मते गोंधळाचे एक मूळ 'प्रतिकारशक्ती' या शब्दात आहे. ती उंचीसारखी किंवा वजनासारखी एकच राशी नाही. जिवाणू गिळणाऱ्या पेशी जन्मजात संरक्षणाचा भाग आहेत. प्रतिपिंडे हा अनुभवाने शिकलेल्या संरक्षणाचा. एकात पहिला येणारा दुसऱ्यात पहिला येईलच असे नाही. आणि शिकलेले संरक्षण चेहऱ्यावर कसे दिसणार? देवीचा रोग आठवा. देवीच्या व्रणांनी चाळण झालेला चेहरा कोणी सुंदर म्हणत नसे, पण त्या रोगापुरता तोच सर्वांत सुरक्षित होता. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये नोकर हवेत अशा जाहिरातींत 'देवी येऊन गेलेल्या असाव्यात' अशी अट घालत. जूनच्या १४ तारखेला, १८०२ मध्ये, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली, तेव्हापासून आपल्याकडे हेच संरक्षण चेहरा न विद्रूप करता मिळू लागले. टोचलेल्या आणि न टोचलेल्या मुलाचा चेहरा सारखाच!

चेहरा काहीच सांगत नाही असे मात्र नाही. २०१८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी १६ निरोगी व्यक्तींना जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाचे इंजेक्शन देऊन दोन तासांनी त्यांची छायाचित्रे घेतली. फिकट ओठ, लोंबणाऱ्या पापण्या, थकलेली त्वचा यांवरून लोकांना ती व्यक्ती आजारी असल्याचे नुसत्या नशिबाने ओळखता येईल त्याहून अधिक वेळा ओळखता आले. 'तोंड उतरलंय गं तुझं' असे आई म्हणते ते यामुळेच. पण ही आजच्या आजाराची खूण झाली. उद्या येणाऱ्या जंतूशी शरीर कसे लढेल, याची नव्हे.

शिक्षकांच्या बाबतीत १९७३ चा एक अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध आहे. क्लिफर्ड आणि वॉल्स्टर यांनी पाचवीच्या शेकडो शिक्षकांकडे एका मुलाचे प्रगतिपुस्तक पाठवले. मजकूर सर्वांना एकच, डकवलेले छायाचित्र तेवढे वेगवेगळे. देखण्या छायाचित्राचे मूल शिक्षकांना अधिक हुशार वाटले, त्याचे आईवडील शिक्षणाबाबत अधिक जागरूक वाटले.

आमच्या वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही. वैद्यकाची पुस्तकेही एके काळी तेच करत होती. क्षयाच्या तपासणीसाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विचारल्या जाणाऱ्या गोष्टी आज साध्या आहेत: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. त्या यादीत चेहऱ्याचा उल्लेख नाही.