हिफ्ज (खानदेश)

हिफ्ज : संपूर्ण कुराण मूळ अरबीत तोंडपाठ करण्याचा मदरशांतील शिक्षणक्रम. तो पुरा करणाऱ्यास हाफिज म्हणतात. खानदेशात त्याचे विख्यात केंद्र म्हणजे अक्कलकुव्याची जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी (१९५०–२०२५) यांनी ती १९७९ च्या सुमारास स्थापली. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेले अक्कलकुवा १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

पद्धती : मूल आधी कायदा या अक्षरओळखीच्या पुस्तिकेतून अक्षरे शिकते, मग नाझिरा म्हणजे पाहून वाचन, त्यानंतर हिफ्ज. कुराणाचे ३० पारे (भाग) व ११४ सूरा (अध्याय) आहेत. सुरुवात बहुधा लहान सूरांच्या तिसाव्या पाऱ्यापासून होते. सबक (नवा पाठ), सबकी (अलीकडचे पाठ) आणि आमोख्ता (जुने पारे) असे रोजचे तिहेरी काम असते. ते उस्तादांसमोर न पाहता म्हणून दाखवावे लागते. प्रत सहसा १५ ओळींची असते आणि तिचे प्रत्येक पान आयतीच्या (वचनाच्या) शेवटाशीच संपते. मुले शेवटपर्यंत एकच छपाई वापरतात. आयत पानावर कुठे आहे, हेही त्यांच्या ध्यानात बसते.

भाषा : मुलांच्या घरी उर्दू, अहिराणी किंवा यावल-रावेरकडे तडवी बोलली जाते. झाल, झे, झाद, झोय ही अक्षरे उर्दूत एकसारखी उच्चारतात. अरबीत ती चार वेगळे ध्वनी आहेत. जीभ कुठे टेकते, यावर उस्तादांचे लक्ष असते. या उच्चारशास्त्रास तजवीद म्हणतात. अर्थ आणि व्याकरण मुख्यतः पुढे आलिमच्या (धर्मपंडिताच्या) अभ्यासक्रमात येतात; त्यामुळे हाफिज झालेल्या मुलाला अरबी वर्तमानपत्र समजेलच असे नाही. अर्थाचा आधार नसल्याने मिळत्याजुळत्या आयती फसवतात. पैगंबर मूसांची कथा अनेक सूरांत येते; तिथे एका सूरेतून दुसरीत सहज जाणे होते. सूरा रहमानमध्ये तर एकच आयत ३१ वेळा येते.

उपयोग : हिफ्ज पुरा झाल्यावर दस्तारबंदी, म्हणजे पगडी बांधण्याचा समारंभ, होते. रमजानमधील रात्रीच्या तरावीह नमाजेत हाफिज कुराण म्हणतो. तो अडला किंवा चुकला, तर मागे उभा असलेला दुसरा हाफिज लुकमा देतो, म्हणजे नेमका शब्द सुचवतो. उजळणी सुटली की पाठ पारेही विस्मरणात जातात; म्हणून मदरसा सुटला तरी हाफिजाचा आमोख्ता चालूच राहतो.