लुईसने पुसलेलं नाव

शोधपत्रिकेचा संपादक बदलला की तिचा सूर बदलतो, हे आपण नेहमी पाहतो. इथे संपादक तोच राहिला आणि त्याने पत्रिकेचं नावच बदलून टाकलं. ही गोष्ट थॉमस लुईसच्या 'हार्ट'ची.

१९०९ साली लंडनमध्ये 'हार्ट' सुरू झालं तेव्हा लुईस जेमतेम २७ वर्षांचा होता. पाठीशी होता जेम्स मॅकेन्झी, बर्नलीसारख्या गिरणगावात वर्षानुवर्षं रोग्यांच्या नाड्या तपासलेला साधा गावडॉक्टर. ईसीजीचं यंत्र तेव्हा नवंकोरं होतं. काही रोग्यांची नाडी कायम वेडीवाकडी का चालते, याचं उत्तर त्या यंत्रावर लुईसला त्याच वर्षी मिळालं: हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. (व्हिएन्नातल्या दोघांनाही ते त्याच वर्षी दिसलं.) पुढे त्याने अशीच नाडी असलेला घोडा गाठला, आधी त्याचा ईसीजी काढला, मग छाती उघडून ती थरथर डोळ्यांनी पाहिली. बिचारा घोडा! पण शंकेला जागा उरली नाही, आणि तो लेख अर्थातच 'हार्ट'मध्ये आला.

मग १९२५च्या सुमारास या माणसाचं ईसीजीवरून मन उडालं. त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, वेदना, असे विषय त्याला खुणावू लागले. रोग्यावरच प्रयोग करून शिकायचं शास्त्र हवं, एका अवयवाची वेगळी शाखा नको, असं त्याचं मत पक्कं होत गेलं. १९३३मध्ये, सोळा खंडांनंतर, 'हार्ट'चं 'क्लिनिकल सायन्स' झालं.

विचार म्हणून मला ते पटतं. तरी चोवीस वर्षांचं नाव असं पुसायला धाडस लागतं, थोडा हट्टही. शिवाय १९२७मध्ये त्याला स्वतःलाच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, वयाच्या ४५व्या वर्षी! दिवसाला ७० सिगारेटी ओढणाऱ्या लुईसने त्यानंतर त्या सोडल्या, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडतात हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. तिसऱ्या झटक्याने तो १९४५मध्ये गेला.

हृदयतज्ज्ञांना मात्र आपली स्वतंत्र जागा हवीच होती. १९३९मध्ये मॉरिस कॅम्पबेल आणि इव्हान बेडफर्ड यांच्या संपादनाखाली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' निघालं. १९९६मध्ये त्यांनी नाव आखूड केलं आणि उरलं नुसतं 'हार्ट'. लुईसचं 'क्लिनिकल सायन्स'ही अजून निघतं.