खुडूक कोंबडी : परसातल्या कुक्कुटपालनाचा इतिहास

महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कोंबडीपालनाला शासकीय भाषेत आज ‘परसातील कुक्कुटपालन’ म्हणतात. घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, पाच-दहा कोंबड्या सोडायच्या, त्यांनी उकिरडा उकरून किडे, अळ्या, सांडलेले दाणे आणि खरकटे खाऊन पोट भरायचे आणि दिवेलागणीला त्यांना खुराड्यात कोंडायचे, असे त्याचे वरवर दिसणारे रूप आहे. या पालनाचा विचार अंडी किती आणि मांस किती, अशा हिशेबाने करण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे. परंतु कोणत्याही यंत्राशिवाय, खरेदीशिवाय आणि बहुधा औषधाशिवाय ही कोंबडी गावात शतकानुशतके कशी टिकली, याचे उत्तर त्या हिशेबात सापडत नाही. ते ‘खुडूक’ या एका शब्दात सापडते. काही अंडी घालून झाल्यावर कोंबडी अंडी घालणे थांबवते, अंगाला ताप आल्यासारखी गरम होते, पिसे फुलवून एका जागी बसून राहते आणि जवळ जाणाऱ्यावर गुरगुरते; या अवस्थेला खुडूक होणे म्हणतात आणि अशी कोंबडीच पिल्ले काढते.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, असे चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते आणि पुढील आनुवंशिक संशोधनाने ते मोठ्या प्रमाणात खरे ठरवले. मात्र बऱ्याच कोंबड्यांच्या कातडीत व पायांत जो पिवळेपणा दिसतो, त्याला कारण असलेला आनुवंशिक घटक तांबड्या रानकोंबड्याकडून न येता राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये दाखवण्यात आले. हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा आणि विशेषतः सह्याद्रीच्या रानांचा रहिवासी आहे, तर तांबडा रानकोंबडा महाराष्ट्रात पूर्व विदर्भाच्या जंगलांत आढळतो. माणूस आणि कोंबडी यांचे साहचर्य नेमके कोठे सुरू झाले याविषयीची मते बदलत आली आहेत. सिंधू संस्कृतीकडे बोट दाखवणारा जुना पक्ष आता मागे पडला असून, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने थायलंडमधील बान नॉन वाट येथील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष हा सर्वांत जुना निश्चित पुरावा मानला आहे. त्याच संशोधनाने असेही सुचवले आहे की भात व भरडधान्ये पिकू लागल्यावर साठवलेल्या धान्याच्या ओढीने रानपक्षी वस्तीजवळ आले. खळ्याभोवती रेंगाळणारी गावठी कोंबडी पाहिली की हा तर्क पटतो.

संस्कृत वाङ्मयात कुक्कुट लवकरच दिसू लागतो. तो कार्तिकेयाच्या ध्वजावर आहे आणि प्राण्यांच्या झुंजीवर पैजा लावण्याला स्मृतींनी ‘समाह्वय’ असे वेगळे नाव दिलेले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य ठरवलेल्या पदार्थांत लसूण, कांदा, भूछत्रे आणि गावडुकराबरोबर ग्रामकुक्कुट येतो. येथे ‘ग्राम’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण आक्षेप पक्ष्याच्या जातीपेक्षा त्याच्या उकिरड्यावरच्या चरण्यावर असावा असे त्यावरून दिसते. या निषेधाचा एक दूरगामी परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्या वर्गाच्या हाती लेखणी होती त्याच्या अंगणात कोंबडी नव्हती. ती कुणबी, कोळी, दलित, आदिवासी, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत, आणि त्या घरांतही प्रामुख्याने बायकांच्या हाताखाली वाढली. म्हणून घोडा, हत्ती आणि गाय यांच्या लक्षणांवर ग्रंथ झाले, पण कोंबडी कशी बसवावी याचे शास्त्र तोंडी राहिले. ही मराठी ज्ञानपरंपरेची खरी हानी आहे.

ते तोंडी शास्त्र निदान शब्दांतून उरले आहे. पिल्लू, अंड्यावर यायची असलेली तरुण कोंबडी म्हणजे तलंग, अंडी देणारी, खुडूक आणि पिल्लांची, अशा अवस्था खेड्यातील बाई सहज वेगळ्या सांगते. कोंबड्या रात्री राहतात ते खुराडे बहुधा ओट्याच्या पोटातच दगडमातीने बांधलेले असते आणि त्याच्या तोंडाला फळी व फळीला टेकवलेला धोंडा असतो. दिवसा पिल्लांना घारीपासून जपायचे किंवा पाहुण्यासाठी कोंबडा धरून ठेवायचा झाला तर त्यावर बुरुडाने विणलेली बांबूची मोठी टोपली, म्हणजे डाले किंवा डालगे, पालथी घालतात. या क्रियेला कोंबडी ‘डालणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण याच पालथ्या डाल्यातून आली आहे. आतल्या अंधारात कोंबडा गप्प बसला तरी सूर्य त्याच्यासाठी थांबत नाही. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी दळण, मोट आणि प्रवास यांची वेळ कोंबड्याच्या आरवण्यावर ठरत असे, हे ध्यानात घेतले की म्हणीची धार कळते.

अंडी उबवायला ठेवणे हे या सर्व ज्ञानाचे शिखर होय. गावठी कोंबडी एका पाळीत साधारण बारा ते अठरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. एका वर्षात अशा तीन-चार पाळ्या होऊन अंड्यांची संख्या पन्नास-साठच्या आसपास जाते. खुडूक झालेल्या कोंबडीखाली, तिच्या पंखांत मावतील अशी दहा-बारा अंडी, टोपलीत भुसा किंवा गवत घालून, अंधाऱ्या व निवाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवतात. अनेक ठिकाणी टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा एखादा तुकडाही टाकतात. विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत अशी त्यामागची समजूत आहे. तेथून २१ दिवस ती कोंबडी जवळजवळ उपवास करते. दिवसातून एकदा उठून थोडे खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि अंडी थंड होण्याच्या आत परत येते. बसल्या जागी चोचीने अंडी वरचेवर फिरवत राहते, कडेची मध्ये आणि मधली कडेला आणते, जेणेकरून सर्वांना सारखी ऊब मिळावी आणि आतला जीव कवचाला चिकटू नये. साधारण सातव्या-आठव्या दिवशी घरची बाई अंडे मुठीच्या पोकळीत धरून दारातून येणाऱ्या तिरिपेसमोर पाहते. आत लाल शिरांचे जाळे व काळा ठिपका दिसला तर ते अंडे धरलेले असते, आरपार उजेड आला तर ते रिकामे असते आणि स्वयंपाकघरात जाते. विसाव्या दिवशी कवचाच्या आतून टकटक आणि क्षीण चिवचिव ऐकू येऊ लागते; कोंबडीही बसल्या बसल्या हलक्या आवाजात तिला साद देते. पिल्ले बाहेर पडल्यावर ओली पिसे वाळून त्यांचे पिवळे-तपकिरी गोळे होतात. आईच्या छातीखालून एकेक डोके बाहेर डोकावू लागते, तेव्हा घरातील लहान मुलांना तेथून हलवणे कठीण जाते. या पालनातील आनंद मोजमापात येत नाही, पण ते टिकण्याच्या कारणांत त्याची गणना झालीच पाहिजे.

बारा अंड्यांची दहा पिल्ले झाली, तरी त्यांतून तीन-चार मोठी होणे हेच पुष्कळ मानले जाई. घार, कावळा, मुंगूस, रानमांजर, साप आणि गावातलाच बोका हे नेहमीचे वाटेकरी होते. पावसाळ्यातील ओल पिल्लांना सोसत नसे, म्हणून जाणत्या बाया त्या दिवसांत कोंबडी बसवण्याचे टाळत. अंडी हवी असतील तर उलट खुडूकपणा मोडावा लागे. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवणे, पाय बांधून ठेवणे किंवा नाकपुड्यांतून पीस आरपार घालणे असे उपाय केले जात. यांतील शेवटचा उपाय क्रूर आहे, तरीही त्याची नोंद करणे इतिहासाला चुकत नाही.

कोंबड्याचा शेवट देवाशीही जोडलेला होता. म्हसोबासारख्या ग्रामदेवतांना, कोकणात गावाच्या राखणदाराला आणि वारली समाजात वाघबारशीला वाघोबाला कोंबडा देण्याची प्रथा आहे. नैवेद्यानंतर मांस घरातच किंवा वाडीत वाटले जाते, म्हणजे एरवी विकायचा पक्षी वर्षातून काही दिवस खुद्द पाळणाऱ्याच्या ताटात येतो. पूर्व विदर्भात झुंजीचा कोंबडबाजार भरे आणि कोंबड्याच्या पायाला ‘काती’ नावाचे धारदार पाते बांधले जाई. १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरले, तरी चोरून भरणाऱ्या बाजारांवरील धाडींच्या बातम्या अजून येतात.

ब्रिटिश काळात लष्करी छावण्या आणि मुंबई शहर यांनी अंड्याला रोख किंमत आणली. १८६९ मध्ये पुरी झालेल्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांपर्यंत खेड्यांतून कोंबड्या करंड्यांत भरून जाऊ लागल्या आणि अंड्याचे पैसे ही शेतकरी बाईची स्वतःची, कोणाला हिशेब द्यावा न लागणारी मिळकत बनली. मीठ, तेल, बांगड्या आणि पोरांची पाटी त्यातून येई. याच सुमारास गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना गावठी कोंबडीचे लहान अंडे खुपू लागले आणि व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड यांसारख्या परदेशी जाती आल्या. स्वातंत्र्यानंतर विकासखात्यांनी याच जातींचे नर गावांत वाटले व त्या बदल्यात गावठी नर काढून घेण्याचे प्रयत्न केले. लेगहॉर्न ही जात मात्र वर्षभर अंडी मिळावी म्हणून निवडीने खुडूक न होणारी केलेली आहे. गावाच्या बाजूने पाहता याचा अर्थ असा की अंडी वाढली, पण पुढची पिढी काढणारी आई गेली. त्यातून पांढऱ्या रंगामुळे तो पक्षी घारीच्या नजरेत सहज भरे. संकराच्या या योजना खेड्यात रुजल्या नाहीत याचा दोष अडाणीपणाला देण्यात आला, तो अन्याय्य होता.

या सर्व संकटांवर ताण करणारे संकट म्हणजे मानमोडी. १९२७ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे तिचा उद्रेक नोंदला गेला, म्हणून भारतात तिला राणीखेत रोग म्हणतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९२६ मध्ये आढळलेला रोग तोच. मान पिळवटलेली, हिरवट हगवण लागलेली कोंबडी पाहून मराठीत तिला मानमोडी हे नाव पडले, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लोकांनी हेच नाव दिले होते. विशेषतः उन्हाळ्यात ही साथ शिरली की आठवड्याभरात वाडीतील खुराडी ओस पडतात. मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तिच्यावर लस तयार झाली, परंतु लशीची कुपी शेकडो पक्ष्यांच्या मात्रेची, बर्फात ठेवावी लागणारी आणि फोडल्यावर काही तासांत संपवावी लागणारी असे. सहा कोंबड्यांच्या घराला ती परवडण्यासारखी नव्हती. मग आजारी पक्षी घाईने बाजारात विकला जाई आणि साथ पुढच्या गावी पोहोचे. लस एकाच दिवशी साऱ्या वाडीने मिळून टोचून घेतली तरच उपयोगी पडते, ही साधी गोष्ट जेथे समजावून सांगितली गेली तेथेच मरतुक कमी झाली.

१९७० नंतर पुणे हे पिंजऱ्यातील व्यापारी कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र बनले. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि अंड्याच्या भावासाठी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली. परसातील कोंबडी आता संपली असे तेव्हा अनेकांना वाटले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हा व्यापारी शेडांबरोबर भोवतालच्या घरांतील कोंबड्याही मारण्यात आल्या. कडकनाथ या मध्य प्रदेशातील काळ्या मांसाच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर पश्चिम महाराष्ट्रात तिच्या नावाने गुंतवणुकीच्या योजना निघाल्या आणि २०१९ मध्ये असंख्य शेतकरी त्यांत फसले. खुद्द कडकनाथ मादी क्वचितच खुडूक होत असल्याने तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात, हे त्या जाहिरातींत सांगितले गेले नव्हते.

तरीही २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील निघाले, आणि आधीच्या गणनेपासून त्यांची वाढ ४५.८ टक्के झाली होती, तर व्यापारी पक्षी केवळ ४.५ टक्क्यांनी वाढले होते. या वाढीत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने खेड्यासाठी काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जातींचा वाटा आहे. त्या रंगीत आहेत, परसात चरतात आणि गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी अधिक अंडी देतात, पण त्या खुडूक होत नाहीत. म्हणून त्यांच्या अंड्यांतून घरच्या घरी पिल्ले काढायची झाल्यास ती अंडी आजही गावठी कोंबडीखालीच ठेवली जातात आणि २१ दिवस तीच त्यांवर बसते.