कूर्मदासाची वारी

वारी म्हटली की चालणे आले. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा माण-हिंजवडीपासून चिंचवडपर्यंतच्या साऱ्या परिसराला त्या चालण्यातला आनंद दिसतो. पण ज्याला पायच नाहीत, त्याने काय करावे?

वारकरी परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. ताहराबादच्या महिपतीने 1762 मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त पैठणच्या कूर्मदासाची कथा येते. हातपाय नसलेला हा भक्त सरपटत पंढरीला निघतो. एकादशी जवळ येते आणि तो आजच्या माढा तालुक्यातील लऊळपर्यंतच पोचलेला असतो. पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर तो निरोप धाडतो : मला येणे होत नाही, तूच ये. विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांसह निघतो. वाटेत अरणला सावता माळ्याला भेटून लऊळला पोचतो. कूर्मदासाचे मंदिर आजही तेथे आहे.

या कथेत काय घडत नाही, तेही पाहण्याजोगे आहे. गोरोबांच्या आख्यायिकेत कीर्तनाच्या रंगात तुटलेले हात परत येतात. कूर्मदासाच्या प्रचलित कथेत मात्र त्याला हातपाय फुटत नाहीत. तो जसा आहे तसाच राहतो आणि तरीही आनंद पूर्ण होतो. म्हणजे येथे आनंद हे व्यंग नाहीसे झाल्याचे फळ नाही. तो भेटीचा आनंद आहे.

पुढच्या काळात आपली भाषा इतकी मोकळी राहिली नाही. विदर्भातील गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच अंध झाले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि स्वतः मजकूर सांगत त्यांनी विपुल लेखन केले. आपण त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो. त्यात गौरव आहे, हे खरे. परंतु अंधत्वाची भरपाई दुसऱ्या डोळ्यांनी केल्याखेरीज आपले समाधान होत नाही, हेही त्यातून दिसते. शिवाय वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे त्या गौरवातून गळतात.

दिव्यांगांच्या श्रद्धेचे कौतुक करणे सोपे असते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आपले डोळे पाणावतात आणि देवळाच्या पायऱ्या तशाच राहतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्काचा विषय केला. कूर्मदासाच्या निरोपातही याचना कमी आणि हक्कच अधिक आहे. त्याला जमेल तेवढी वाट तो सरपटत आला होता. उरलेली विठ्ठलाने चालायची होती.