कूतहून परत न आलेली पलटण

लोणंद म्हटलं की कांद्याचा बाजार आठवतो, आणि आषाढात ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. पण पहिल्या महायुद्धाचा विचार करताना लोणंदचं स्टेशन आठवायला हवं. सातारा भागातून पुण्याकडे जाणारी रेल्वे ती हीच, तेव्हा मीटरगेज. पुढे मुंबईची गोदी, तिथून बोट आणि मग बसरा.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या तुर्की मुलखात, फौज उतरवली. तिचं नावच होतं सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्यात होत्या. सुरुवातीला सगळं सोपं गेलं. जून १९१५ मध्ये अमारा पडलं, सप्टेंबरमध्ये कूत. मग वरिष्ठांना बगदादचा मोह पडला. डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याला ही घाई पसंत नव्हती, पण हुकूम आला आणि फौज निघाली.

इथे नव्या काळातल्या युद्धाचं गणित समजून घ्या. मशीनगन आणि तोफा गोळ्यांचा फडशा पाडतात. तो दारूगोळा, पीठ, औषधं मागून सतत यावी लागतात. इथे मागून येणारा रस्ता एकच, तैग्रिस नदी. बोटी अपुऱ्या. फौज पुढे सरकत होती आणि तिची पुरवठ्याची दोरी ताणली जात होती.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. सुमारे अकरा हजारांतले साडेचार हजारांहून जास्त मेले किंवा जखमी झाले. माघार घ्यावी लागली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खडखडत्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं गेलं. दमलेली फौज ३ डिसेंबरला कूतला पोचली आणि काही दिवसांतच तुर्कांनी वेढा घातला.

वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी तिला कूत गाठता आलं नाही. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, पण तेवढ्यानं काय होणार? घोडे मारून खायची वेळ आली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत अडून राहिले. भाजीपाला नाही, दूध नाही. स्कर्व्हीनं माणसं खंगली. तुर्कांना पैसे देऊन सुटका करून घ्यायचा प्रयत्नही फसला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली.

सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांतली दहा हजारांच्या आसपास भारतीय, आणि त्या भारतीयांतही तीन हजारांहून जास्त न लढणारी : आचारी, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई मात्र उन्हाळ्यात चालत निघाले. बगदादहून समारापर्यंत रेल्वे होती, पुढे मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत पायी. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ही चाल त्याच्या दुपटीहून जास्त. वारकऱ्याला वाटेत गावोगावी भाकरी मिळते. यांना अनेकदा पाण्यासाठीही अंगावरचे कपडे विकावे लागले. जे पोचले, त्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. रेल्वेनं घर सोडलेल्या माणसांना परक्या मुलखात रेल्वेच बांधावी लागली. सुमारे तीन हजार भारतीय कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले.

लंडनमध्ये चौकशी आयोग बसला. १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. म्हणजे दोष शिपायांचा नव्हता, हे सरकारी कागदावरही आलं.

तरीही ही माणसं आपल्या आठवणीत नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांचा अभिमान आजही आहे, आणि तो असायलाच हवा. पण लढताना पडलेल्याची शिळा उभी राहते. शरण जाऊन, जुलाबानं, भुकेनं मेलेल्याची राहत नाही. पोवाड्याला विजय लागतो, नाहीतर वीरमरण. कैद त्यात बसत नाही. वास्तविक १४७ दिवस उपाशी तग धरणं आणि नंतर ती चाल चालणं याला कमी धैर्य लागलं असेल का?

बसऱ्याच्या स्मारकानंही हाच भेद केला. तिथे अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली; भारतीय शिपाई मात्र पलटणीपुढच्या आकड्यात उरले. हा अन्याय होता, हे युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्या अहवालानं २०२१ मध्ये मान्य केलं.

आता त्या आयोगाची मृतांची यादी मोबाईलवर शोधता येते. घरातल्या जुन्या पेटीत एखादं पदक, पेन्शनचा कागद किंवा पलटणीचा नंबर असेल, तर तो घेऊन बसा. १०३, ११० किंवा ११७ दिसला, तर आजीला विचारा, घरातला कोण बसऱ्याला गेला होता. आकड्यातून एक नाव तरी बाहेर येईल.