भिंतींची स्मृति

उन्हाळ्याच्या दिवसांत सूर्य मावळून तास-दोन तास झाल्यावर पश्चिमेकडील विटेच्या भिंतीस आंतून हात लावून पाहावा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवालेलें असतें. भिंत मात्र ऊनच लागते. दुपारीं घेतलेलें ऋण ती रात्रीं हप्त्याहप्त्यानें फेडीत असते. नऊ इंची विटेच्या भिंतींतून उष्णतेची लाट आंत पोंचण्यास सुमारें सहा ते आठ तास लागतात. ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. परंतु खऱ्याखुऱ्या घरापुरती ती गणितांत बसविण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

हिचा आरंभ फ्रान्समध्यें होतो. जोसेफ फूरिये हा गणिती १७९८ सालीं नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. परतल्यावर ग्रनोबल येथें त्यास प्रांताधिकाऱ्याचें काम मिळालें. सरकारी दप्तर सांभाळून त्यानें घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचा अभ्यास केला व १८०७ च्या डिसेंबरांत आपला निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें ठेविला. परीक्षकांत लाग्रांज व लाप्लास यांसारखे दिग्गज होते. लाग्रांजला त्यांतील त्रिकोणमितीय श्रेढी पटल्या नाहींत, आणि ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८२२ साल उजाडलें. त्या सिद्धांतावरून असें निघतें कीं, उष्णतेची लाट पदार्थांत जसजशी खोल शिरते तसतशी ती क्षीण होते आणि उशिरांही पोंचते. जमिनींत दिवसाची लाट जितकी खोल जाते, तिच्या सुमारें एकोणीस पट खोल वर्षाची लाट जाते. खोल तळघरांत बारा महिने जवळजवळ एकच उष्णतामान कां असतें याचा उलगडा यानें होतो.

मग अडलें कोठें? फूरियेचें समीकरण हातानें सोडवावयाचें तर लाट नियमित हवी. खऱ्या भिंतीवर मात्र घटकेंत ऊन तर घटकेंत ढग. शिवाय गिलावा, वीट, पुन्हां गिलावा असे तिचे थर. म्हणून अभियंत्यांनीं सोपी वाट धरली: आंतबाहेरच्या उष्णतामानांतील फरक घ्यावा, त्यास भिंतीच्या क्षेत्रफळानें व एका गुणांकानें गुणावें, झालें. जेथें बाहेर दिवसरात्र गारठा आणि आंत शेगडी पेटलेली, तेथें हा हिशेब चालून गेला. उन्हाच्या देशांत तो फसतो, कारण त्यांत भिंतीची स्मृतीच धरलेली नाहीं.

ही उणीव भरून निघाली ती ओटावा येथें. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेंतील स्टीफन्सन व मिटालास या दोघांनीं १९६७ सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. भिंतीच्या बाह्यांगास उष्णतेचा एकच क्षणिक धक्का दिला असें समजावें, आणि त्याचा किती अंश आंत पहिल्या तासीं, किती दुसऱ्या, किती तिसऱ्या तासीं उतरतो तें एकदांच काढून ठेवावें. पुढें कसलेंही हवामान येवो. प्रत्येक तासाच्या उन्हास त्या आंकड्यांनीं गुणून बेरीज केली कीं झालें. सावकाराच्या वहींत जशी मागील प्रत्येक कर्जाची आजची वसुली मांडावी, तसाच हा प्रकार. मनुष्यास ही बेरीज कंटाळवाणी. संगणकास ती क्षणाचें काम.

१९७३ च्या तेलसंकटानें पाश्चात्य देशांचे डोळे उघडले, आणि घरांच्या इंधनाचा हिशेब हा राष्ट्रीय प्रश्न झाला. अमेरिकेंत कुसुदा यांचा कार्यक्रम १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. पाठोपाठ सैन्याच्या संशोधनशाळेचा ‘ब्लास्ट’ आणि बर्कली येथील ‘डीओई-२’ हे आले. या दोहोंच्या वारशांतून २००१ सालीं ‘एनर्जीप्लस’ निघाला. मध्यंतरीं १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विद्यमानें एकाच काल्पनिक घराचें वर्णन निरनिराळ्या कार्यक्रमांस देऊन पाहिलें, तों उत्तरें जुळेनात! त्या तुलनेंतून कित्येक चुका सांपडल्या व दुरुस्त झाल्या. तथापि यंत्राचें ज्ञान त्यास जें सांगावें तेवढेंच. एका पृष्ठभागाचें उष्णतामान सर्वत्र सारखें आहे, उष्णता भिंतींतून सरळ आरपारच वाहते, अशीं गृहीतें त्यांत सामान्यतः असतात. घरांतील माणसें खिडकी केव्हां उघडतील हेंही कोणीतरी अंदाजानेंच सांगावें लागतें.

आपल्याकडे निवासी इमारतींसाठीं २०१८ सालीं इको-निवास संहिता निघाली. तींत थंड प्रदेश वगळतां भिंतीखिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरास १५ वॅट अशी मर्यादा घातली गेली. उपक्रम स्तुत्य खराच. परंतु त्या सूत्रांत भिंतीतून किती उष्णता येते हें विचारलें होतें. ती केव्हां येते यासाठीं निराळी जागा नव्हती. दिवसा भरणाऱ्या शाळेस जी जाड भिंत वरदान, तीच पश्चिमेकडील निजावयाच्या खोलीस जाच होऊं शकते. तेव्हां आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या गृहस्थानें वास्तुशिल्पकारास चौरस फूट विचारतांना एवढेंही विचारावें: ही भिंत दुपारचें ऊन आमच्या खोलींत किती वाजतां आणून सोडणार?