पाडलेल्या गल्लींतील पूर्वज

वंशावळ म्हटली म्हणजे आपणांस सनदा, महजर, करीने आणि वतनाचे कागद आठवतात. हें स्वाभाविक आहे. महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधन ज्या दप्तरांवर पोसलें, त्यांपैकीं पुष्कळ वतनदारांच्या घरचीं. आणि पूर्वजांचीं नांवें लक्षांत ठेवण्यांत वतनदाराचा केवळ अभिमान नव्हे, तर उत्पन्नाचा हक्कही गुंतलेला असे. परंतु ज्याला वतन नाहीं, जमीन नाहीं, ज्याचा पणजा मुंबईच्या एखाद्या अरुंद गल्लींत दरमहाच्या भाड्यानें राहिला आणि ती गल्लीच पुढें नकाशावरून पुसली गेली, त्यानें आपलें कूळ कोठें शोधावें? हा प्रश्न थोड्यांचा नाहीं. आणि त्याचा विचार करूं जातां इतिहासाच्या साधनांविषयींच कांहीं मूलभूत गोष्टी ध्यानांत येतात.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगास यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. थोड्याच महिन्यांत लोक शहर सोडून धांवूं लागले. १८९१ मध्यें ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली. रोगाचें मूळ दाट वस्तींत, ओलसर जमिनींत आणि कोंदट खोल्यांत आहे, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदीर व पिसवा यांचें कर्तृत्व सर्वमान्य व्हावयास अजून अवकाश होता. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' हीं इंग्रजी आद्याक्षरें रंगविलीं जाऊं लागलीं. १८९८ च्या कायद्यानें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, व त्याची पहिलीच योजना नागपाड्याची होती. समुद्राचा वारा शहराच्या पोटांत शिरावा म्हणून दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यांत आले. या रस्त्यांच्या पोटांत किती गल्ल्या गडप झाल्या, याचा विचार त्यांवरून जाणारा क्वचितच करतो. आतां तर त्या रस्त्यांचीं नांवेंही बदललीं आहेत: एक शामळदास गांधी मार्ग झाला, दुसरा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. म्हणजे शोधणाऱ्याला गल्ली सांपडत नाहीं, आणि गल्ली गिळणाऱ्या रस्त्याचें जुनें नांवही पाटीवर दिसत नाहीं.

या पाडापाडीचे कागद मात्र विपुल झाले. जागा ताब्यांत घ्यावयाची तर मोबदला द्यावयास हवा, आणि मोबदला द्यावयाचा तर मालक कोण हें ठरवावयास हवें. म्हणून मालकाचें नांव, त्याचा दस्तऐवज, जागेचें क्षेत्रफळ, तिजपासून येणारें भाडें हें सर्व टिपलें गेलें. त्यापूर्वीं १८७२ च्या सुमारास पुरी झालेली कर्नल लॉटन यांची मोजणी पाहिली तर एकेक घर रेषांनीं आंखलेलें दिसतें. परंतु तें भाडें देणारा कोण होता? मोजणीच्या नकाशांत तो नाहीं, कारण नकाशा भिंती मोजतो, माणसें मोजीत नाहीं. मोबदल्याच्या कागदांत तो बहुधा आंकड्याच्या रूपानें येतो. येथें लेखनिकांचा हलगर्जीपणा नव्हता. राज्यव्यवहाराला ज्याचें नांव लागत नाहीं, त्याचें नांव लिहिलें जात नाहीं, हा दप्तरांचा सामान्य नियम आहे.

लंडन शहराचें उदाहरण यासंबंधीं बोधप्रद आहे. तेथील पूर्व भागांतील 'ओल्ड निकल' ही वस्ती लंडन काउंटी कौन्सिलनें गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस पाडली. चार्ल्स बूथच्या दारिद्र्यदर्शक नकाशांत हिच्या कित्येक गल्ल्या काळ्या रंगानें दाखविल्या आहेत, आणि काळा रंग म्हणजे सर्वांत खालचा, दुराचारी व गुन्हेगारीकडे झुकलेला वर्ग. या पाडापाडींत ५,७१९ माणसें उठलीं. त्या जागेवर १९०० सालीं समारंभपूर्वक खुल्या झालेल्या नव्या इमारतींत त्यांपैकीं अवघ्या अकरांना घर मिळालें. तरीही या माणसांच्या पणतवंडांना पूर्वज सांपडतात. इंग्लंडांत १८४१ पासूनच्या जनगणनेचीं नांवनिशीवार पुस्तकें जपून ठेविलीं आहेत, आणि शंभर वर्षांनीं तीं लोकांना खुलीं होतात. आपल्याकडे जनगणना झाली, तिचे जाडजूड अहवालही निघाले, परंतु घरोघर भरलेले मूळ कागद बेरजा होतांच निकालांत निघाले. आपल्या हातीं बेरीज राहिली, माणसें गेलीं.

मग उपाय काय? आमच्या मतें शोधाची दिशाच उलटी केली पाहिजे. १९११ च्या जनगणनेप्रमाणें मुंबईंत जन्मलेले लोक शहरांत शेंकडा वीसही नव्हते, आणि बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा सर्वांत मोठा होता. तेव्हां गल्लींतून गांवाकडे न जातां गांवांतून गल्लीकडे यावें. कोंकणांतील गांवकऱ्यांनीं मुंबईंत वर्गणीनें खोल्या घेतल्या. अशा मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या कोठें उरल्या असतील तर त्यांत माणसें नांवानिशीं भेटतील. शाळेचें दाखलबुक मुलाबरोबर बापाचेंही नांव सांगतें. नगरपालिकेच्या मृत्युनोंदींत नांव, वय, जात आणि पत्ता मिळण्याचा संभव असतो. मात्र विलगीकरणाच्या भीतीनें सांथींत कित्येक मृत्यु लपविले गेले, आणि कित्येक माणसें गांवीं जाऊन वारलीं, हें विसरतां कामा नये. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें मोठें साधन खरें, परंतु ज्यांना तीर्थाच्या पायरीवरच अडविलें जाई, त्यांनीं त्या वह्यांत काय शोधावें?

ट्रस्टनें पाडलें तसें थोडें बांधलेंही. परळ येथील ट्रस्टच्या चाळींत पन्नास व एकावन्न क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुष्कळ वर्षें राहत होते, म्हणून त्या खोल्यांचे क्रमांक आज लोक भक्तीनें सांगतात. त्याच चाळींतील एकोणपन्नास क्रमांकाच्या खोलींत कोण होतें? तेंही माणूसच होतें. त्याचेंही कोणी वंशज असतील. एका असामान्य पुरुषानें एका पत्त्याला इतिहासांत जागा मिळवून दिली. परंतु सामान्य माणसाला जागा मिळावयास त्यानें असामान्य व्हावें अशी अट इतिहासानें घालूं नये.

आणखी एक गोष्ट. 'गलिच्छ वस्ती' हा शब्द त्या वस्तींत राहणाऱ्यांनीं दिलेला नाहीं. पाडण्यास आलेल्यांनीं दिलेला आहे. पाडणाराच्या अहवालांत घाण, अंधार आणि मृत्यूचें प्रमाण सांपडतें, आणि तें खोटें नव्हतें. परंतु त्याच खोलींत चूल पेटत होती, मुलांचीं बारशीं होत होतीं, गांवीं मनीऑर्डर जात होती. हें अहवालाच्या रकान्यांत बसत नाहीं. अहवाल वाचून पणजाची लाज वाटणारा पणतू पणजाला पाहत नाहीं; तो तपासणी-अधिकाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहत असतो.

१९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळी आज पुनर्विकासांत उतरविल्या जात आहेत. नवीं घरें उंच व हवेशीर झालीं तर तें इष्टच आहे. जुन्या भिंतींचा मोह धरावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या वेळीं पात्र भाडेकरूंची यादी होते, तशीच प्रत्येक खोलीची एक वहीही व्हावी: कोण कोठून आलें, कोणत्या सालीं, कोणत्या गिरणींत लागलें, खोलींत कोणकोण राहून गेलें. मुख्यत्वेंकरून आज्यांना विचारावें. सासुरवाशिणीचें माहेरचें नांव कागदावर राहत नाहीं, तें त्यांनाच ठाऊक असतें. हें काम सरकारी दप्तर करणार नाहीं. शाळेंतील शिक्षक, महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि चाळींतील मंडळी यांनीं मनावर घेतलें तरच तें होईल, आणि खोल्यांच्या किल्ल्या परत देण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे.